आणखी दोन लाख सैनिक कशासाठी? व्हिएतनाम, फेब्रुवारी-मार्च १९६८

फेब्रुवारी १९६८च्या अखेरीस अमेरिकेच्या संयुक्त सेनाप्रमुख मंडळाचे अध्यक्ष जनरल अर्ल व्हीलर दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉनचा दौरा आटोपून परतले, ते एक आकडा घेऊन. २,०६,७५६. व्हिएतनाममध्ये त्या वेळी अमेरिकेचे पाच लाखांच्या आसपास सैनिक होते आणि त्यांच्या जोडीला एवढे आणखी हवेत, अशी ही मागणी होती. ३१ मार्चच्या रात्री राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन टीव्हीवरून देशाशी बोलले. तोवर या मागणीतून फक्त १३,५०० सैनिक मंजूर झाले होते. उत्तर व्हिएतनामच्या बहुतेक भागावरची बॉम्बफेक थांबवल्याचं आणि आपण पुन्हा निवडणूक लढवणार नसल्याचं जॉन्सन यांनी त्याच भाषणात जाहीर करून टाकलं.

परदेशात लांबलेल्या युद्धात सैन्यसंख्या कशी ठरते, हे समजून घ्यायला या पाच आठवड्यांइतकं बोलकं प्रकरण क्वचितच सापडेल. जानेवारी १९६८च्या अखेरीस, टेट या व्हिएतनामी नववर्षाच्या सणात झालेल्या हल्ल्याने अमेरिकी जनता हादरली, टीव्ही-वर्तमानपत्रांनी तिचा धीर खचवला आणि राजकारण्यांनी कच खाल्ली, असा खुलासा सर्रास केला जातो. मला तो अपुरा वाटतो. धक्का बसला होता, यात वाद नाही. पण याआधीच्या प्रत्येक धक्क्यानंतर अमेरिकेने कुमक वाढवली होती. या वेळी तसं घडलं नाही, कारण आणखी सैनिक मिळाले तर नेमकं काय साधणार, हे कुणीतरी धरून बसून विचारलं आणि ज्यांनी उत्तर द्यायचं त्यांच्याकडे ते नव्हतं.

साडेतीन हजारांपासून पाच लाखांपर्यंत

८ मार्च १९६५ रोजी दा नांगच्या किनाऱ्यावर सुमारे ३,५०० अमेरिकी मरीन उतरले. पूर्ण युद्धसज्ज होऊन ते लाटांमधून वर आले आणि पाहतात तर समोर फुलांचे हार घेऊन व्हिएतनामी मुली उभ्या. त्यांना नेमून दिलेलं काम एकच होतं, दा नांगचा हवाई तळ सांभाळायचा. उत्तर व्हिएतनामवरची नियमित बॉम्बफेक त्याच महिन्यात सुरू झाली होती आणि तळावर हल्ला होण्याची भीती होती. एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात या सैनिकांना तळाबाहेर पडून चढाई करायची मुभा मिळाली. त्याच महिन्यात होनोलुलूच्या बैठकीत ८२,००० सैनिकांची शिफारस झाली. जूनमध्ये व्हिएतनाममधले सेनापती जनरल विल्यम वेस्टमोरलंड यांनी ४४ बटालियन मागितल्या. २८ जुलैला जॉन्सन यांनी संख्या ७५,००० वरून १,२५,००० वर नेत असल्याचं जाहीर केलं आणि लागतील तसे आणखी पाठवू, असंही सांगितलं. त्यानंतर वर्षअखेरीचे आकडे असे चढत गेले : १९६५ मध्ये १ लाख ८४ हजार, १९६६ मध्ये ३ लाख ८५ हजार, १९६७ मध्ये ४ लाख ८५ हजार.

पुढे काय वाढून ठेवलंय याची कुणालाच कल्पना नव्हती, असं म्हणायला मात्र जागा नाही. २२ जुलै १९६५च्या व्हाइट हाउसमधल्या बैठकीत मरीन दलाचे प्रमुख जनरल वॉलेस ग्रीन यांनी राष्ट्राध्यक्षांना तोंडावर सांगितलं होतं की पाच लाख सैनिक आणि पाच वर्षं लागतील. परराष्ट्र खात्यातले जॉर्ज बॉल यांनी त्याच महिन्यात लेखी बजावलं होतं की एकदा मोठी जीवितहानी झाली की माघारीची वाट जवळपास बंद होईल. दोघांचंही म्हणणं ऐकून घेतलं गेलं आणि युद्ध हप्त्याहप्त्याने वाढत राहिलं.

जुलै १९६५ मध्ये जॉन्सन यांनी आणखी एक निर्णय घेतला, आणि १९६८च्या मागणीचं मूळ त्यातच आहे. त्यांनी राखीव दलांना बोलावलं नाही. राखीव सैनिक म्हणजे गावोगावचे नोकरदार, दुकानदार, घरदार असलेली माणसं. त्यांना बोलावलं असतं तर देश युद्धात उतरलाय हे लपून राहिलं नसतं, संसदेत खडाजंगी झाली असती आणि जॉन्सन यांच्या जिवाभावाच्या गरिबी-निर्मूलनाच्या, आरोग्याच्या, शिक्षणाच्या योजना त्यात वाहून गेल्या असत्या. म्हणून सक्तीच्या भरतीचा महिन्याचा आकडा १७,००० वरून ३५,००० वर नेऊन भागवलं गेलं. सेनाप्रमुखांना हे तेव्हापासूनच सलत होतं. व्हिएतनामची भूक भागवता भागवता मायदेशातल्या आणि युरोपातल्या तुकड्या पोकळ होत चालल्या होत्या.

शत्रू किती? हा तरी आकडा कुठे पक्का होता

वेस्टमोरलंड यांचं गणित सोपं होतं. शत्रूचे, म्हणजे उत्तर व्हिएतनामचे आणि दक्षिणेतल्या व्हिएतकाँग या कम्युनिस्ट बंडखोरांचे, जितके सैनिक महिन्याला मरतील ते त्याला नव्याने मिळणाऱ्या सैनिकांहून जास्त झाले की निर्णायक बिंदू आपण गाठला. तिथून पुढे शत्रू घटत जाणार. हा बिंदू दोन उत्तरेकडचे प्रांत वगळता गाठला गेलाय, असा दावा १९६७च्या वसंतात झालाही.

पण उत्तर व्हिएतनाममध्ये दरवर्षी सुमारे दोन लाख तरुण लष्करी वयात येत होते. शिवाय लढाई कधी, कुठे आणि किती वेळ करायची हे बहुतांश वेळा शत्रूच ठरवत होता. नुकसान फार होतंय असं दिसलं की तो जंगलात किंवा लाओस-कंबोडियाच्या हद्दीत सरकायचा. संरक्षण खात्यातल्या (पेंटॅगॉनमधल्या) विश्लेषकांनी हे आकडेवारीने दाखवून दिलं होतं. जिवंत झऱ्यांची विहीर मोटेने उपसून कोरडी पडत नाही, एवढाच त्याचा अर्थ होता.

शत्रूच्या एकूण संख्येवरूनही १९६७ भर भांडण चाललं होतं. सीआयएचा विश्लेषक सॅम अॅडम्स म्हणत होता की गावोगावचे स्वसंरक्षक गट धरले तर शत्रूचं बळ लष्कर सांगतंय त्याच्या जवळपास दुप्पट भरेल. भूसुरुंग पेरायला, खड्ड्यांत बांबूचे खिळे रोवायला हेच लोक असत आणि त्यांत अमेरिकी सैनिक मरत होते. लष्कराचं म्हणणं, हे खरे लढवय्ये नव्हेत, त्यांना यादीतून काढा. एवढा मोठा आकडा बाहेर फुटला असता तर तीन वर्षांच्या प्रगतीचं काय, हा प्रश्न वर्तमानपत्रांनी विचारला असता, ही भीती त्यामागे होती. अखेर नोव्हेंबर १९६७च्या अधिकृत अंदाजातून हे गट वगळले गेले. शत्रूची ताकद मोजताना बातमी कशी दिसेल याचा विचार आधी केला गेला, ही गोष्ट मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत गंभीर वाटते. कारण पुढे कुमक किती हवी याचा हिशेब याच पायावर उभा राहणार होता.

त्याच महिन्यात, २१ नोव्हेंबरला, वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमध्ये वेस्टमोरलंड म्हणाले की शेवट दृष्टिपथात येऊ लागलाय.

टेट

३० आणि ३१ जानेवारी १९६८. व्हिएतनामी नववर्षाचा सण. दोन्ही बाजूंनी युद्धविराम पुकारलेला, दक्षिण व्हिएतनामचे निम्मेअधिक सैनिक घरी गेलेले. आणि एका रात्रीत ४४ पैकी ३६ प्रांतांच्या मुख्य शहरांवर हल्ले. सायगॉनच्या अमेरिकी वकिलातीच्या आवारात भिंतीला भगदाड पाडून १९ जणांचं पथक शिरलं. ह्यूए हे जुन्या राजधानीचं शहर जवळपास महिनाभर घराघरात लढून परत घ्यावं लागलं.

लष्करीदृष्ट्या पाहिलं तर हानोईचा, म्हणजे उत्तर व्हिएतनामच्या सरकारचा, हा डाव फसला. जनता उठाव करेल अशी त्यांची अपेक्षा होती, ती कुठेच पुरी झाली नाही. ह्यूए सोडलं तर बहुतेक शहरं काही दिवसांतच परत मिळाली. दक्षिणेतल्या व्हिएतकाँगच्या मुरलेल्या तुकड्या तर अशा कापल्या गेल्या की पुढे उत्तरेकडून माणसं आणून त्या भराव्या लागल्या. वेस्टमोरलंड यांना म्हणूनच ही संधी वाटत होती, आणि ते खोटं बोलत नव्हते. पण दोनच महिन्यांपूर्वी शेवट दिसतोय असं सांगणाऱ्याने आता आपण जिंकलोय म्हणावं, आणि त्याच्याच नावाने दोन लाख सैनिक मागितले जावेत, या दोन गोष्टी एका वेळी कुणाच्या गळी उतरणार होत्या?

आकड्याच्या पोटात

इथेच खरं पाणी मुरत होतं. वेस्टमोरलंड यांनी सुरुवातीला फारसं काही मागितलंच नव्हतं. फेब्रुवारीच्या पूर्वार्धात व्हीलर त्यांना तारांवर तारा पाठवून सुचवत होते की सैन्य हवं असेल तर मागा, सरकार दक्षिण व्हिएतनाममध्ये पराभव पत्करायला तयार नाही. मग मागणी आली आणि १०,५०० सैनिक तातडीने निघाले, त्यांत ८२व्या एअरबोर्न डिव्हिजनची एक ब्रिगेड होती. १७ फेब्रुवारीला जॉन्सन स्वतः फोर्ट ब्रॅगला तिला निरोप द्यायला गेले. विमानात चढणाऱ्या त्या पॅराट्रूपर्सपैकी कित्येक जण व्हिएतनामची एक फेरी करून आलेले होते आणि आता दुसऱ्यांदा निघाले होते. देशाची राखीव ताकद किती तळाला गेलीय हे राष्ट्राध्यक्षांना तिथे धावपट्टीवरच दिसलं असणार.

व्हीलर यांची चिंता व्हिएतनामपुरती नव्हती. २३ जानेवारीला उत्तर कोरियाने अमेरिकेचं ‘प्वेब्लो’ हे जहाज पकडलं होतं, बर्लिनची धास्ती कायमचीच होती. अशात दुसरीकडे काही पेटलं तर पाठवायला सज्ज फौज उरली नव्हती. त्यावर उपाय एकच, राखीव दलांना बोलावणं, आणि तेवढंच तर जॉन्सन तीन वर्षं टाळत आले होते. टेटच्या निमित्ताने ते साधून घ्यावं असं व्हीलर यांनी ठरवलं. सायगॉनमध्ये बसून दोघा सेनापतींनी तीन टप्पे आखले. पहिले सुमारे १ लाख ८ हजार १ मेपर्यंत व्हिएतनामला जाणार. उरलेले दोन टप्पे, मिळून जवळपास ९८ हजार, मुख्यतः मायदेशी राखीव राहणार आणि परिस्थिती बिघडली किंवा लाओसमध्ये घुसून हो ची मिन्ह मार्ग (उत्तरेकडून दक्षिणेत माणसं आणि रसद आणणारी वाट) तोडायला परवानगी मिळाली तरच तिकडे जाणार. वेस्टमोरलंड यांच्या दृष्टीने हा गरज पडलीच तर वापरायचा आराखडा होता.

वॉशिंग्टनमध्ये पोचलेल्या अहवालात मात्र ही फोड झाकली गेली. तिथे चित्र काळंकुट्ट होतं, टेटमध्ये आपण थोडक्यात वाचलो असा सूर होता, आणि २,०६,७५६ ही संख्या व्हिएतनामची गरज म्हणून पुढे आली. वेस्टमोरलंड विजयाच्या पाठलागासाठी सैन्य मागताहेत, व्हीलर पराभव टाळण्यासाठी म्हणून तेच सैन्य मागताहेत, आणि प्रत्यक्षात त्यातलं निम्मं दुसऱ्याच कामासाठी हवंय. इतकी वर्षं जॉन्सन यांनी सेनाप्रमुखांना अर्धंच दिलं आणि जनतेला अर्धंच सांगितलं. आता सेनाप्रमुखांनी त्यांच्याशी तसाच व्यवहार केला, असं मला वाटतं.

क्लिफर्ड विचारतात

संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा २९ फेब्रुवारीला पायउतार झाले आणि १ मार्चला क्लार्क क्लिफर्ड यांनी शपथ घेतली. वॉशिंग्टनमधले नामांकित वकील, ट्रुमन यांच्या काळापासून राष्ट्राध्यक्षांचे सल्लागार, आणि अलीकडे युद्धाचे पाठीराखे. जॉन्सन यांनी त्यांना निवडलं ते आता डळमळलेल्या मॅक्नमारांच्या जागी खंबीर माणूस हवा म्हणून. त्यांच्यावर सोपवलेलं काम तसं मर्यादित होतं : ही मागणी पुरी कशी करायची ते सांगा.

क्लिफर्ड यांच्या मनात एक गोष्ट आधीपासून टोचत होती. १९६७च्या उन्हाळ्यात जनरल मॅक्सवेल टेलर यांच्यासोबत ते आशिया-पॅसिफिकमधल्या मित्रदेशांकडे आणखी सैन्य मागायला गेले होते. दुसऱ्या महायुद्धात ३ लाखांहून जास्त सैनिक परदेशी पाठवणाऱ्या ऑस्ट्रेलियाचे व्हिएतनाममध्ये ७,००० च्या आसपास होते आणि वाढवायची तयारी नव्हती. न्यूझीलंडचे ५०० सुद्धा नव्हते. फिलिपिन्सच्या राष्ट्राध्यक्षांनी तर तुम्ही न आलात तर बरं, असा निरोप पाठवला. व्हिएतनाम पडलं की एकेक करून हे देश पडतील, असं अमेरिकेत सांगितलं जात होतं. ज्यांच्या दाराशी संकट होतं त्यांना ते एवढं मोठं वाटत नव्हतं.

मग पेंटॅगॉनमध्ये दिवसचे दिवस बैठका चालल्या आणि वकिली सवयीने क्लिफर्ड यांनी सेनाप्रमुखांची उलटतपासणी घेतली. ती त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवली आहे. दोन लाखांनी काम होईल का? कुणी खात्री दिली नाही. नाही झालं तर आणखी किती लागतील? सांगता येत नाही. आपण वाढवले तर शत्रूही वाढवेल का? वाढवू शकेल, आणि बहुधा वाढवेल. बॉम्बफेकीने युद्ध थांबेल का? एकटीने नाही. मग जिंकायची योजना काय? शत्रूवर दबाव टाकत राहायचं, कधीतरी तो थकेल. तो थकत असल्याची काही चिन्हं? नाहीत.

खरं तर यातला एक प्रश्न जॉन्सन यांनीच वर्षभरापूर्वी, एप्रिल १९६७ मध्ये, वेस्टमोरलंड यांना विचारला होता. आपण डिव्हिजन वाढवल्या तर शत्रूही वाढवेल, मग हे थांबणार कुठे? त्या वेळी उत्तर न मिळताच चर्चा पुढे सरकली आणि अखेर मागणी कमी करून ५,२५,००० ची मर्यादा ठरली. सौदा झाला, प्रश्न तसाच राहिला. क्लिफर्ड यांनी सौद्यावर जायला नकार दिला, हा फरक होता.

४ मार्चच्या त्यांच्या गटाच्या अहवालात धाडस नाही. तातडीने २२,००० पाठवा, राखीव दलं बोलवायची तयारी करा, बाकीचं नंतर पाहू, एवढंच त्यात आहे. पण ‘नंतर पाहू’ हे शब्द १९६५ पासून पहिल्यांदा कागदावर आले होते. चढणीला खीळ बसली ती तिथे.

बाहेर काय चाललं होतं

१० मार्चला ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २,०६,००० ची मागणी छापली आणि गुप्त आकडा घरोघरी गेला. दोन दिवसांनी न्यू हॅम्पशायरच्या प्राथमिक निवडणुकीत युद्धविरोधी सिनेटर यूजीन मॅकार्थी यांनी विद्यमान राष्ट्राध्यक्षांसमोर ४२ टक्के मतं घेतली. १६ मार्चला रॉबर्ट केनेडी रिंगणात उतरले. दरम्यान डॉलर देऊन सोनं घ्यायला एवढी झुंबड उडाली की १५ मार्चला लंडनचा सोन्याचा बाजार बंद ठेवावा लागला. ही मागणी पुरी करायला पुढच्या वर्षात सुमारे १,००० कोटी डॉलर जादा लागणार होते आणि अडीच लाखांहून अधिक राखीव सैनिक बोलवावे लागणार होते. करवाढीला संसद तयार नव्हती. निवडणुकीचा धसका सगळ्यांना आठवतो, पण सोन्याच्या बाजाराने जॉन्सन यांच्या हाताला घातलेला लगाम त्याहून कमी नव्हता.

जुन्या जाणत्यांचा कौल

२५-२६ मार्चला जॉन्सन यांनी ज्येष्ठ सल्लागारांना पुन्हा बोलावलं. माजी परराष्ट्रमंत्री डीन अॅचिसन, जनरल ओमर ब्रॅडली, मॅथ्यू रिजवे, डग्लस डिलन, जॉर्ज बॉल, सायरस व्हान्स, मॅकजॉर्ज बंडी. शीतयुद्ध ज्यांनी उभं केलं तीच ही पिढी. नोव्हेंबरमध्ये यांतल्या बहुतेकांनी, बॉल यांच्यासारखा अपवाद वगळता, धोरणाला पाठिंबा दिला होता.

रात्री त्यांना सद्यःस्थिती समजावून सांगितली गेली. लष्कराच्या वतीने जनरल विल्यम डीपुय यांनी टेटमध्ये ठार झालेल्या शत्रूंचा घसघशीत आकडा सांगितला. तेव्हा संयुक्त राष्ट्रांतले अमेरिकेचे राजदूत आर्थर गोल्डबर्ग यांनी विचारलं, एका मृतामागे जखमी किती धरता? तीनचं प्रमाण सांगण्यात आलं. आणि शत्रूचं प्रत्यक्ष लढणारं बळ किती होतं? तोही आकडा मिळाला. गोल्डबर्ग यांनी तिथल्या तिथे गुणाकार-बेरीज केली. मृत आणि जखमी मिळून शत्रूच्या सगळ्या फौजेहून जास्त भरत होते. मग आपण लढतोय तरी कुणाशी, असं त्यांनी विचारलं. खोलीत कुणापाशीच त्याला उत्तर नव्हतं. शत्रूची संख्या कमी दाखवायची आणि त्याचे मृत मोजताना हात सैल सोडायचा, याचा हिशेब असा एका गुणाकारात उघडा पडला.

दुसऱ्या दिवशी बहुमताचं मत अॅचिसन यांनी मांडलं : हाती उरलेल्या वेळात ठरवलेलं काम होणार नाही, बाहेर पडायची पावलं टाकायला हवीत. टेलर, ब्रॅडली आणि रॉबर्ट मर्फी यांना ते पटलं नाही. जॉन्सन दुखावले, चिडलेही. पण व्हीलर त्याआधीच फिलिपिन्समधल्या क्लार्क तळावर जाऊन वेस्टमोरलंड यांना भेटले होते आणि मोठी कुमक मिळणार नाही हे सांगून आले होते. ३१ मार्चच्या भाषणाचे सुरुवातीचे खर्डे युद्ध नेटाने लढण्याचे होते. क्लिफर्ड यांनी २८ मार्चला ते बदलायचा आग्रह धरला आणि भाषणाची सुरुवातच शांततेपासून झाली.

नंतर

परदेशातल्या मोहिमेत संख्या कशी फुगत जाते हे आपल्यालाही नवं नाही. १९८७ मध्ये पुण्याच्या दक्षिण कमांडचे प्रमुख लेफ्टनंट जनरल दीपिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय शांतिसेना श्रीलंकेत गेली, ती एका डिव्हिजनपासून सुरुवात करून. पुढे चार डिव्हिजन झाल्या. २४ मार्च १९९० रोजी शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून परतली तोवर अकराशेहून अधिक जवान गेले होते. दोन्ही युद्धांची जातकुळी वेगळी आहे, पण पहिल्या दिवशी दिलेलं काम आणि शेवटच्या दिवशी चाललेलं काम यांतलं अंतर दोन्हीकडे दिसतं.

मार्च १९६८ नंतरही व्हिएतनाममधली संख्या लगेच उतरली नाही. आधी मंजूर झालेले सैनिक जात राहिले आणि एप्रिल १९६९ मध्ये ती ५ लाख ४३ हजारांच्या शिखरावर पोचली. तोवर निक्सन राष्ट्राध्यक्ष झाले होते. जून १९६९ मध्ये त्यांनी मिडवे बेटावर २५,००० सैनिक माघारी बोलावण्याची घोषणा केली आणि मग वर्षअखेरीचे आकडे उतरू लागले : १९६९ला ४ लाख ७५ हजार, १९७०ला ३ लाख ३४ हजार, १९७१ला १ लाख ५६ हजार, १९७२ला २४ हजार. शेवटच्या तुकड्या २९ मार्च १९७३ रोजी निघाल्या. या युद्धात ५८ हजारांहून अधिक अमेरिकी मेले, त्यांतले निम्म्याहून जास्त ३१ मार्च १९६८च्या भाषणानंतर. व्हिएतनामी मृतांची संख्या त्याच्या कित्येक पटींनी मोठी आहे.

ते दोन लाख सैनिक दिले असते तर युद्ध जिंकलं असतं, असं मानणारे लोक आजही आहेत. व्हिएतकाँग खिळखिळी झाली होती हे त्यांचं म्हणणं खरं आहे. पण पहिल्या टप्प्यातलेच सैनिक व्हिएतनामसाठी होते, लाओसमध्ये घुसायची परवानगी नव्हती, आणि हानोईने त्याच वर्षी मे आणि ऑगस्टमध्ये पुन्हा हल्ले करून आपल्याकडे माणसं आहेत हे दाखवून दिलं. १९६८ मध्ये ‘आणखी किती लागतील’ याला सेनाप्रमुखांकडे उत्तर नव्हतं. युद्ध जिंकता आलं असतं असं म्हणणाऱ्यांच्या लिखाणातही मला ते अजून सापडलेलं नाही.